ओरखडा आटतो, कण आटत नाही: ऑप्टिकल फायबरच्या काचेची सफाई

८० मिलिमीटर व्यासाच्या प्रीफॉर्ममधून, म्हणजे ज्याला तापवून फायबर ओढतात त्या काचेच्या जाड दांड्यातून, १२५ मायक्रॉनचा फायबर ओढला की जाडी ६४० पटींनी कमी होते आणि लांबी ६४० च्या वर्गाने, म्हणजे सुमारे चार लाख पटींनी वाढते. प्रीफॉर्मचा एक मिलिमीटर म्हणजे ४०० मीटरहून जास्त फायबर. प्रयोगशाळेतला १५ मिलिमीटरचा छोटा प्रीफॉर्म घेतला तरी मिलिमीटरमागे १४ मीटर निघतात. बोटाचा एक ठसा किती फायबर नासवू शकतो, हे यावरून समजावं.

याच हिशेबाची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. ८० मिलिमीटरच्या प्रीफॉर्मवर १० मायक्रॉन खोल ओरखडा असेल, तर तोही ६४० पटींनी आटतो. शिवाय भट्टीत २००० अंशांच्या वर काच मऊ झाली की पृष्ठताण त्याच्या कडा गोल करतो. फायबरवर त्याचा मागमूस राहत नाही. पण भट्टीच्या नळकांड्यातून झडलेला ५ मायक्रॉनचा झिर्कोनियाचा कण त्या तापमानालाही वितळत नाही. काच आटते, कण तेवढाच राहतो. ८० मिलिमीटरच्या दांड्यावर नगण्य असलेला हा कण १२५ मायक्रॉनच्या फायबरवर जाऊन बसतो आणि तिथे डोंगरासारखा दिसतो. फायबरची ताणचाचणी सहसा ०.६९ गिगापास्कलला होते, त्यालाच कारखान्यात १०० केपीएसआय म्हणतात. तेवढा ताण सोसायचा तर पृष्ठभागावरचा दोष साधारण एक मायक्रॉनच्या आत हवा.

म्हणून डोळ्याला खुपणाऱ्या बारीक ओरखड्यावर अर्धा दिवस घालवायचा आणि हातमोज्याची पावडर काचेवर राहू द्यायची, हा उलटा कारभार आहे. खाली दिलेला क्रम फ्यूज्ड सिलिकाच्या, म्हणजे शुद्ध सिलिकाच्या काचेच्या, नळ्या, दांडे आणि तयार प्रीफॉर्म यांच्यासाठी आहे. आकडे एमसीव्हीडीच्या, म्हणजे नळीच्या आत वायूंपासून काचेचे थर बसवून प्रीफॉर्म बनवण्याच्या पद्धतीच्या, नेहमीच्या नळीचे आहेत: बाहेरून २५ मिलिमीटर, आतून १९, लांबी मीटरभर किंवा थोडी जास्त.

घाण चार प्रकारची

पहिली घाण कणांची. भट्टीचा चुरा, करवतीची धातूची कीस, कपड्याचा तंतू, पुठ्ठ्याचा भुसा, मे महिन्यात मालव्यात उडणारी काळ्या मातीची धूळ, सगळं यात आलं. तंतू जळून जातो, पण राख मागे ठेवतो.

दुसरी अल्कलीची, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम. घामात मीठ असतं. इंदूरात सकाळी शेव-जिरावण घातलेले पोहे खाऊन, हात नुसते पाण्याखाली धरून कुणी नळी उचलली, तर तेल आणि मीठ दोन्ही काचेवर जातात. १००० अंशांच्या आसपास त्या जागी काच स्फटिकाचं रूप घेऊ लागते. यालाच डिव्हिट्रिफिकेशन म्हणतात आणि तयार होणाऱ्या स्फटिकाला क्रिस्टोबलाइट. काच थंड होताना २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान या स्फटिकाची रचना बदलते, तो आक्रसतो आणि तिथे बारीक तडे जातात. पांढुरका, तांदळाच्या पेजेसारखा डाग दिसला की तो हाच. एकदा तापल्यावर पुसून तो जात नाही, कारण तो काचेवर चिकटलेला नसून तिथली काचच बदललेली असते.

तिसरी तेलाची आणि प्लास्टिकमधून उतरणाऱ्या द्रव्यांची. ही स्वतः बरीचशी जळून जाते, पण त्याआधी ॲसिडला काचेपर्यंत पोचू देत नाही. तेलाचा पट्टा राहिला की तेवढीच काच न खरवडलेली उरते.

चौथी घाण म्हणजे खुद्द पाणी. काचेत शिरलेला हायड्रॉक्सिल गट १३८३ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो. प्रकाशाच्या वाटेत तो वजनाने दशलक्षांश एक भाग असला, तरी त्या तरंगलांबीला किलोमीटरमागे ५० डीबीच्या आसपास नुकसान होतं. नळीच्या बाहेरच्या अंगाला पाणी लागलं तर फार बिघडत नाही, प्रकाश तिथवर जातच नाही. आतल्या अंगाला आणि दांडा-नळी पद्धतीत (नळीत दांडा घालून दोन्ही एकजीव करतात) दोघांच्या सांध्यात मात्र ते नको.

आरआरकॅट या लेसर-संशोधन संस्थेमुळे इंदूरात लेन्स आणि आरसे पुसण्याचा हात बसलेली मंडळी बरीच सापडतात. ती सवय इथे अर्धीच उपयोगी पडते. लेन्सवर प्रकाशाला काय दिसतं ते बघायचं असतं. इथे आगीतून काय शिल्लक राहतं ते बघायचं असतं, आणि मीठ प्रकाशाला दिसत नाही.

काच दारात येते तेव्हा

खोकं स्वच्छ खोलीत नेऊ नका. पुठ्ठा आणि थर्माकोल बाहेरच्या खोलीत काढा. प्लास्टिकची बाहेरची पिशवी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या कापडाने पुसा. आतली पिशवी आणि टोकांच्या टोप्या तशाच ठेवून नळी आत न्या. टोप्या शेवटपर्यंत काढायच्या नाहीत, कारण आतल्या अंगाची मूळ स्वच्छता पुन्हा मिळवणं बाहेरच्या अंगापेक्षा कितीतरी कठीण असतं.

हातमोजे पावडर नसलेले नायट्राइलचे. लेटेक्सचे नकोत आणि पावडरचे तर मुळीच नकोत. मोजा घातलेल्या हाताने कपाळ पुसलं, मोबाइल धरला, दाराची कडी उघडली की तो मोजा बाद. साधी युक्ती म्हणजे मोज्यांचे दोन थर घालायचे आणि वरचा दर वेळी बदलायचा. नळी धरायची ती टोकांच्या दहा सेंटिमीटरमध्येच. तो भाग पुढे हँडलच्या, म्हणजे काच धरण्यासाठी टोकाला जोडतात त्या काचेच्या तुकड्याच्या, जोडात जातो.

काचेवर मार्कर पेनने क्रमांक लिहू नये. शाईतली रंगद्रव्यं भट्टीतही टिकू शकतात. हिऱ्याच्या टोकाने कोरला तर तिथून चीर धावते. क्रमांक पिशवीवर आणि नोंदवहीत लिहा, फारच गरज असेल तर हँडलच्या टोकाला.

कापणं आधी, धुणं नंतर

लांबी कापणं, कडा घासणं, भोक पाडणं ही कामं आधी उरकून घ्या. हिऱ्याची करवत पाण्यावर चालवा, तेलाच्या कूलंटवर नको. कापलेल्या तोंडाशी काचेची कच आणि पात्यातली धातूची कीस अडकलेली असते. ती काढायला नळी डीआय, म्हणजे विरघळलेले क्षार काढलेल्या, पाण्यात उभी करून ४० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासोनिक टाकीत दहा मिनिटं ठेवा, मग उलटी करून आणखी दहा. नळी टाकीच्या स्टीलच्या तळाला टेकू देऊ नका, टेकली तर तळाशी कंपनानेच चरे पडतात. खाली टेफ्लॉनचे व्ही आकाराचे ठोकळे ठेवा.

धातूचा संशय असेल तर १० ते २० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये अर्धा तास ठेवून डीआयने धुवा. नायट्रिकजवळ ॲसिटोन किंवा आयपीए येता कामा नये, स्फोट होऊ शकतो. सॉल्व्हंटचा वास येणारी नळी ॲसिडच्या खोलीत नेऊ नका आणि दोन्हींचा उरलेला माल एका कॅनमध्ये कधीही ओतू नका.

तेलकटपणा काढणं

न्यूट्रल डिटर्जंटचं दोन टक्क्यांचं द्रावण डीआय पाण्यात करा, ४० ते ५० अंश ठेवा, दहा मिनिटं पुरेत. भांडी घासायची पावडर किंवा सोड्याचं काहीही वापरू नका. त्यात सोडियमच असतं, म्हणजे मीठ काढायला मीठ लावल्यासारखं होतं. नंतर फेस पूर्ण जाईपर्यंत डीआयने धुवा.

यानंतर ॲसिटोन आणि लगेच आयपीए. या ‘लगेच’ला महत्त्व आहे. ॲसिटोन तेल विरघळवतं पण इतक्या झपाट्याने उडतं की विरघळलेलं तेल पातळ थर होऊन पुन्हा काचेवर बसतं. ते ओलं असतानाच आयपीएने वाहून न्यायचं असतं. दोन्ही इलेक्ट्रॉनिक ग्रेडचे घ्या आणि टेफ्लॉनच्या बाटलीतून वापरा. पीव्हीसीच्या नळीतून सॉल्व्हंट आणलं तर प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यंही त्यात उतरतात आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने काचेला फासता.

पुसायला क्लीनरूमचं, कडा वितळवून बंद केलेलं पॉलिएस्टर कापड. घरचं धुतलेलं मऊ सुती कापड कितीही स्वच्छ असलं तरी तंतू सोडतं. पुसायचं एका दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कापडाची घडी प्रत्येक फेरीला बदला. मागे-पुढे घासणं म्हणजे घाण पसरवणं.

नळीच्या आतून पुसायचं असेल तर नायलॉनच्या दोऱ्याला कापडाचा घट्ट बोळा बांधा, आयपीएत भिजवा आणि एकदाच, एका बाजूने ओढून काढा. दुसऱ्या फेरीला नवा बोळा. दोरा काचेला घासला जातोय असं वाटलं तर बोळा लहान आहे. पण नळी उत्पादकाकडून टोप्यांसह आलेली आणि आतून कोरी असेल, तर आत कापड घालूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. नुसती धुलाई आणि ॲसिड पुरतं.

एचएफ: किती, किती वेळ

हायड्रोफ्लुओरिक ॲसिड, म्हणजे एचएफ, काचेचा अगदी पातळ थर विरघळवतं आणि त्या थरावरची घाण सोबत नेतं. फ्यूज्ड सिलिकासाठी वरची मर्यादा १० टक्के द्रावण आणि पाच मिनिटं. रोजच्या कामाला ५ टक्के आणि दहा मिनिटं बरं, कारण चुकीला थोडी जागा मिळते. २० किलो द्रावण करायचं तर बाजारातलं ४८ टक्क्यांचं ॲसिड २.१ किलो आणि डीआय पाणी १७.९ किलो. आधी पाणी, मग त्यात ॲसिड हळूहळू. टाकी, मोजपात्र, ढवळणी, सगळं पॉलीप्रोपिलीन किंवा टेफ्लॉनचं. काचेचं भांडं किंवा काचेचा थर्मामीटर चुकूनही नको.

पाच टक्क्यांच्या ताज्या द्रावणात २५ अंशांना मिनिटाला दोन-तीन शतांश मायक्रॉन काच जाते, दहा मिनिटांत पाव मायक्रॉनच्या आसपास. उन्हाळ्यात एसी नसलेल्या शेडमध्ये द्रावण ४० अंशांना गेलं, तर हाच वेग दीड-दोन पट होतो. उलट द्रावण जुनं झालं की वेग पडतो. म्हणून घड्याळावर विसंबू नये. ५० बाय ५० मिलिमीटरची, दोन मिलिमीटर जाड फ्यूज्ड सिलिकाची पट्टी प्रत्येक लॉटबरोबर बुडवा. आधी आणि नंतर ०.१ मिलिग्रॅमच्या तराजूवर तोला. १.२ मिलिग्रॅम घट म्हणजे सगळीकडून ०.१ मायक्रॉन काच गेली. दहा मिनिटांत घट दोन मिलिग्रॅमच्या खाली आली की द्रावण बदला. चारच्या वर गेली तर तापमान तपासा.

नळी बुडवताना तिरकी घाला म्हणजे आतली हवा वरच्या टोकातून निघते. आडवी टाकली की आत हवेचा लांब बुडबुडा अडकतो आणि तेवढा पट्टा ॲसिडविना राहतो. बुडाल्यावर दर मिनिटाला पाव फेरा फिरवा.

जास्त वेळ ठेवलं तर जास्त स्वच्छ होईल, हा समज काढून टाका. एचएफ काचेतल्या झाकलेल्या चिरा रुंद करतं. पूर्वी न दिसणारे चरे ॲसिडनंतर दिसू लागले, तर ॲसिडने ते पाडलेले नसतात, उघडे केलेले असतात. आणखी ठेवलं की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. बाहेरच्या अंगाला ते पुढच्या आगीत निवळतं. पण दांडा-नळी पद्धतीत दांड्याचा असा खडबडीत पृष्ठभाग कोअर-क्लॅडिंगच्या, म्हणजे प्रकाश वाहणारा गाभा आणि त्याभोवतीचं आवरण यांच्या, सांध्यात जातो, खड्ड्यांत वायू अडकतो आणि बुडबुड्यांची रांग तयार होते.

एचएफशी वागताना

हे ॲसिड कातडीवर पडलं की सल्फ्युरिकसारखी आग होईलच असं नाही. २० टक्क्यांखालच्या द्रावणात दुखणं सुरू व्हायला २४ तासही लागू शकतात, आणि तोवर फ्लुओराइड आतल्या ऊतींपर्यंत आणि हाडापर्यंत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. ‘काही झालं नाही’ असं वाटणं हाच याचा सगळ्यात वाईट गुण.

आत नायट्राइल, वर जाड निओप्रीनचे लांब मोजे. रोज सकाळी फुगवून, पाण्यात बुडवून भोक आहे का ते बघा. पूर्ण चेहऱ्याची ढाल, पॉलीप्रोपिलीनचा ॲप्रन, पायात बंद गमबूट. फ्यूम हूडची खिडकी पॉलिकार्बोनेटची हवी, काचेची असेल तर वाफेने महिन्याभरात आंधळी होते. खोलीत दोन माणसं असल्याशिवाय टाकी उघडायची नाही.

अडीच टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टाकीपासून हाताच्या अंतरावर ठेवा आणि त्याची मुदत दर महिन्याला वाचा. थेंब उडाला तर कपडा काढा, वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं धरा, मग जेल चोळत राहा आणि चोळतच दवाखान्यात न्या. जवळच्या रुग्णालयाला आपल्याकडे एचएफ वापरतात हे आधीच कळवून ठेवावं. अपघाताच्या वेळी तिथे उभं राहून ॲसिडचं नाव समजावत बसायची वेळ येऊ नये.

वापरलेलं द्रावण चुन्याने मारायचं. एक किलो एचएफला, म्हणजे वरच्या २० किलो द्रावणाला, हिशेबाने १.८५ किलो विरलेला चुना लागतो. व्यवहारात सव्वादोन किलो घ्या, पाण्यात कालवून हळूहळू ओता, द्रावण तापतं. तळाशी कॅल्शियम फ्लुओराइडचा पांढरा गाळ बसतो, सुमारे दोन किलो. पण हा गाळही पाण्यात किंचित विरघळतो, त्यामुळे वरच्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅम किंवा जास्त फ्लुओराइड उरतंच. नदीनाल्यात सोडायची मर्यादा लिटरमागे दोन मिलिग्रॅम आहे. म्हणजे नुसत्या चुन्याने भागत नाही, नंतर तुरटी किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडची दुसरी पायरी लागतेच. इंदूरचे नाले कान्ह नदीला मिळतात आणि कान्ह क्षिप्रेला. गाळ आणि पाण्याची विल्हेवाट मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्यात लिहिली असेल तशीच लावा.

धुलाईचं पाणी

सगळ्या क्रमात जास्तीत जास्त काच इथे वाया जाते, आणि कारण ओळखू येत नाही म्हणून परत परत जाते. ॲसिडमधून काढलेली नळी पहिल्यांदा नळाच्या पाण्याने धुवायची आणि महागडं डीआय शेवटी वापरायचं, ही काटकसर दिसायला शहाणपणाची आहे. पण नळाच्या पाण्यात कॅल्शियम असतं. नर्मदेच्या पाण्यात असतं, कॉलनीतल्या बोरिंगच्या पाण्यात तर भरपूर. काचेवरच्या एचएफशी त्याची गाठ पडली की कॅल्शियम फ्लुओराइडचा पातळ पांढरा साका तिथल्या तिथे बसतो. चुन्याच्या टाकीत जे मुद्दाम घडवायचं, ते इथे काचेवर घडतं. नंतर कितीही डीआय ओता, तो सहज निघत नाही. ओल्या काचेवर दिसतही नाही, वाळल्यावर तिरक्या उजेडात धुकं दिसतं. त्यामुळे ॲसिडनंतरचा पहिला थेंब डीआयचाच.

ॲसिडची आणि धुण्याची टाकी शेजारी ठेवा. नळी उचलल्यावर पाच सेकंदांत पाण्यात गेली पाहिजे. निथळत ठेवली तर ॲसिड काचेवर वाळतं आणि फ्लुओसिलिकेटचे डाग पडतात.

तीन टाक्यांची उतरंड करा: ताजं पाणी शेवटच्या टाकीत येतं, ओसंडून दुसरीत, तिथून पहिलीत. काच उलट्या दिशेने जाते, घाणेरड्या पाण्यातून स्वच्छ पाण्याकडे. प्रत्येक टाकीत पाच मिनिटं. डीआयची विशिष्ट रोधकता २५ अंशांना १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर असते. ती वाहत्या पाइपमध्येच मोजायची. बादलीत काढून मोजलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून आकडा एकच्या आसपास कोसळतो आणि प्लँट बिघडल्याचा उगाच ओरडा होतो. शेवटच्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या वाटेवरही मीटर लावा. काच टाकल्यावर तो पडतो, मग चढतो. पूर्वीच्या जागी परत आला की धुलाई पुरी झाली.

मीटर १८ दाखवतो म्हणून पाणी निर्धोक असंही नाही. कलिल सिलिका (पाण्यात तरंगणारे तिचे अतिसूक्ष्म कण) आणि जिवाणूंचे तुकडे वीज वाहून नेत नाहीत. वापराच्या तोंडाशी ०.२ मायक्रॉनचा फिल्टर हवाच. रविवारी थांबलेल्या पाइपातलं पाणी सोमवारी सकाळी पाच मिनिटं वाहू द्या, मग काच लावा.

वाळवणं

थेंब उडवून लावायचा, वाळू द्यायचा नाही. थेंब वाळला की त्यातलं जे काही असेल ते गोल कड्यासारखं मागे राहतं. नळी उभी टांगा आणि ०.०१ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आलेला नायट्रोजन वरून खाली, आतून आणि बाहेरून सोडा. कंप्रेसरची हवा वापरू नका, तेलरहित म्हणून विकलेल्या कंप्रेसरचीही नाही. मग स्वच्छ ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांना तासभर. त्या ओव्हनमध्ये दुसरं काहीही ठेवायचं नाही. इपॉक्सी भाजलेला ओव्हन तर नकोच.

पावसाळ्यात ही सगळी मेहनत हवेतच विरते. ८०-९० टक्के दमट हवेत सिलिका पृष्ठभागावर पाणी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये वाळलेली नळी टोप्या लावून, आत कोरडा नायट्रोजन भरून ठेवा आणि त्याच पाळीत लेथवर (नळी फिरवत ज्योतीने तापवायच्या यंत्रावर) चढवा. उद्यावर टाकली तर धुलाईपासून पुन्हा सुरुवात.

तपासणी

अंधारी खोली, एक तेज पांढरा दिवा, उजेड जवळजवळ काचेला समांतर. नळी टोकांना धरून सावकाश फिरवा. कण ठिणगीसारखा चमकतो, ओरखडा रेषेसारखा, साका धुक्यासारखा. अतिनील टॉर्चखाली कापडाचे तंतू निळसर चकाकतात. तेलासाठी डीआयचा बारीक फवारा मारा: पाणी अखंड पडद्यासारखं पसरलं तर काच स्वच्छ, मण्यांसारखं गोळा झालं तर तेल राहिलंय. तोंडाची वाफ मारून बघायची जुनी सवय सोडा, वाफेबरोबर थुंकीही जाते.

लेथवर

हँडल जोडताना ऑक्सि-हायड्रोजन ज्योतीतून पाण्याची वाफ निघते. नळीच्या आतून कोरडा नायट्रोजन किंवा ऑक्सिजन सतत चालू असेल तर ती आत शिरत नाही. जोडापासून थोड्या अंतरावर पांढरी भुकटी जमते. ती उडालेलीच सिलिका, थंड काचेवर परत बसलेली. कोरड्या कापडाने घासू नका, ज्योत हळू फिरवून वितळवा.

पहिल्या गरम फेरीत दिवे मंद करून बघावं. स्वच्छ नळी एकसारखी उजळते. राहिलेला प्रत्येक कण पांढऱ्या चांदणीसारखा वेगळा चमकतो. बाहेरच्या अंगाला दोन-चार चांदण्या असतील तर आणखी एक-दोन फेऱ्या मारून बघा. आतल्या अंगाला असतील तर निक्षेप (आत काचेचे थर बसवणं) सुरू करण्याआधी वायूने खरवडा: ऑक्सिजनबरोबर एसएफ-६ किंवा सी-२-एफ-६ सोडलं की त्या तापमानाला फ्लुओरिन सुटतो आणि आतला थर काढतो. निघणारा वायू स्क्रबरमधूनच जाऊ द्या. दांडा-नळी पद्धतीत दोघांमधल्या पोकळीतून क्लोरिन आणि ऑक्सिजन फिरवून, १००० अंशांच्या वर तापवून, पाणी घालवल्यावरच नळी दांड्यावर बसवायची.

प्रीफॉर्म ते टॉवर

तयार प्रीफॉर्म आयपीएने पुसा, ५ टक्के एचएफमध्ये थोडा वेळ बुडवून डीआयने धुवा आणि वाळवून लेथवर बाहेरून ज्योतीने पॉलिश करा. यानंतर त्याला मोजासुद्धा लागू नये, धरायचं ते हँडल. ताज्या पिशवीत घालून हेपा फिल्टरच्या हवेखाली ठेवा. टॉवरवर, म्हणजे फायबर ओढायच्या मनोऱ्यावर, चढवल्यावर पिशवी खालून वर नव्हे, वरून खाली काढा, म्हणजे पिशवीवरची धूळ काचेवर झडत नाही.

इतकं करूनही भट्टी घाणेरडी असेल तर सगळं फुकट. ग्राफाइटच्या भट्टीत आर्गॉनचा प्रवाह डळमळला की कार्बनचा चुरा आणि सिलिकाशी अभिक्रिया होऊन बनलेलं सिलिकॉन कार्बाइड प्रीफॉर्मच्या निमुळत्या भागावर बसतं. झिर्कोनियाच्या भट्टीत नळकांडं वारंवार गरम-थंड झालं की त्याचे कण झडतात.

फायबर तुटला तर मागे जायचं

ताणचाचणीत तुटलेली दोन्ही टोकं जपून ठेवा, हात लावू नका. मायक्रोस्कोपखाली तुटीच्या उगमाशी गुळगुळीत, आरशासारखा अर्धगोल दिसतो. ०.७ गिगापास्कलच्या आसपास तुटला असेल तर त्याची त्रिज्या सुमारे १० मायक्रॉन असते. आरसा जितका लहान तितका ताण मोठा. आरशाच्या मध्याशी जे बसलंय तेच कारण. आरसा फायबरच्या आत असेल तर सांध्यातला बुडबुडा किंवा आतल्या धुलाईची चूक. कडेला असेल तर बाहेरची.

मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर त्या कणातली मूलद्रव्यं काढा. झिर्कोनियम निघालं तर भट्टीचं नळकांडं. नुसता कार्बन, किंवा सिलिकॉनबरोबर कार्बन, तर ग्राफाइट आणि आर्गॉनचा प्रवाह. लोखंड-क्रोमियम म्हणजे स्टील: करवत, लेथचा चक किंवा अल्ट्रासोनिकचा तळ. सोडियम, पोटॅशियम आणि क्लोरिन एकत्र दिसले तर हात, मोजे कुठे बदलले नाहीत ते शोधा. ॲल्युमिनियम आणि लोखंडासोबत भरपूर सिलिकॉन म्हणजे माती, खोलीचं दार किंवा पुठ्ठा. आणि कॅल्शियमबरोबर फ्लुओरिन निघालं, तर पहिल्या धुण्याच्या टाकीला कुणीतरी नळाचं पाणी जोडलंय. पाइप हाताने चाचपत मागे जा, जोड सापडेल.